ऑपरेशन यशस्वी झालं, मग केमो कशाला?

या वेळी एकाच विषयावरची सहा पत्रं एकत्र घेतली आहेत. सगळी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली, आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच गोंधळ: स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन चांगलं झालं, तरी डॉक्टर केमोथेरपीचं नाव काढतात, ते का? पत्रलेखकांची नावं अर्थातच दिलेली नाहीत. उत्तरं त्या-त्या रिपोर्टपुरती आहेत. शेजारच्या काकूंचा रिपोर्ट वेगळा असला तर उत्तरही वेगळं असेल. रिपोर्टातले शब्द आधी एकदा सांगतो: नोड म्हणजे काखेतल्या लसिकाग्रंथी. ग्रेड १ ते ३ म्हणजे पेशी किती बिघडल्या आहेत ते. ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना दाद देणाऱ्या पेशी किती, ते. हर-टू म्हणजे गाठीच्या वाढीला चालना देणारं प्रथिन. केआय-६७ म्हणजे वाढीला लागलेल्या पेशी किती, ते.

प्रश्न : आईचं वय ५८. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या स्तनातली गाठ काढली, स्तन राखला आहे. सर्जन म्हणाले, "सगळं निघालं, कडा स्वच्छ आहेत." आम्ही पेढे वाटले. मग रिपोर्ट आला: गाठ २.३ सेंमी, ग्रेड २, काखेतले ३ नोड तपासले, तिन्ही स्वच्छ. ईआर ९० टक्के, पीआर ६० टक्के, हर-टू १+, केआय-६७ १८ टक्के. एक डॉक्टर म्हणतात केमो घ्या, दुसरे म्हणतात आधी जीन टेस्ट करा. मावशी म्हणते, सगळं निघालंय तर विष कशाला चढवायचं? (जुळे सोलापूर)

मावशींचा प्रश्न रास्त आहे. 'सगळं निघालं' म्हणजे काय, एवढंच आधी नीट समजून घ्या. डोळ्यांना दिसलं, हाताला लागलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडांवर तपासलं, ते सगळं निघालं. पण ऑपरेशनच्या आधीच काही पेशी रक्तातून निसटून हाडात, यकृतात किंवा फुप्फुसात जाऊन बसल्या असतील, तर त्या पेट स्कॅनलाही दिसत नाहीत, इतक्या थोड्या असतात. ज्वारीच्या रानातली हरळी खुरपून काढली की रान स्वच्छ दिसतं. खाली कांडी राहिली होती का, ते पाऊस पडल्यावर कळतं. केमो त्या कांडीसाठी असते. केमो सुचवली म्हणजे ऑपरेशन फसलं, असं मुळीच नाही.

आता कांडी राहिली असण्याची शक्यता किती, आणि राहिलीच असेल तर ती कोणत्या औषधाला दाद देईल, हे दोन्ही त्या रिपोर्टात आहे. तुमच्या आईंच्या रिपोर्टातली सगळ्यात चांगली ओळ म्हणजे ईआर ९० टक्के. त्यांच्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसल्या जात होत्या. अशा गाठीचं मुख्य औषध गोळी आहे: पाळी बंद झालेल्या बाईसाठी लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक, किमान पाच वर्षं. हर-टू १+ वाचून घाबरू नका. शून्य आणि १+ हे या निर्णयापुरते निगेटिव्हच. नोड स्वच्छ आहेत. बाजू थोडी जड होते ती आकारामुळे. ग्रेड २ ची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असती आणि नोड स्वच्छ असते, तर धोका कमी धरून बहुतेक डॉक्टरांनी केमोचा विषयच काढला नसता. तुमची २.३ आहे. दोन डॉक्टरांचे दोन सल्ले आले ते या तीन मिलिमीटरमुळे. दोघांपैकी कुणी तुम्हाला फसवत नाही.

फायदा मोजण्याची रीत सांगतो, कारण इथेच घराघरांत गफलत होते. 'केमोने धोका एक तृतीयांश कमी होतो' असं ऐकलं की वाटतं, मग घ्यायलाच हवी. पण कशाचा एक तृतीयांश? समजा एखाद्या रिपोर्टच्या शंभर बायकांपैकी तीस जणींचा आजार परत येणार होता. केमोने तो आकडा वीसवर आला, म्हणजे दहा जणी वाचल्या. दुसऱ्या रिपोर्टच्या शंभर जणींपैकी, गोळी घेऊनही, नऊ जणींचा येणार होता. तो सहावर आला, म्हणजे फायदा तिघींना. उरलेल्या सत्त्याण्णव जणींनी केस, उलट्या, खर्च सगळं सोसलं आणि निकाल तोच राहिला. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. ईआर भरपूर पॉझिटिव्ह आणि वाढ संथ असेल तर केमोचा परिणाम एक तृतीयांशाहूनही कमी असतो. म्हणून डॉक्टरांना "केमो घेऊ का?" असं विचारू नका. "आईसारख्या शंभर जणींमध्ये नुसत्या गोळीने किती जणी दहा वर्षांनी ठीक असतात, आणि केमो जोडली तर किती?" असं विचारा. यासाठी 'प्रेडिक्ट' नावाचं इंग्लंडमध्ये तयार झालेलं मोफत गणित आहे. डॉक्टर समोरच्या संगणकावर पाच मिनिटांत ते काढून दाखवू शकतात.

जीन टेस्ट कामाची आहे ती तुमच्यासारख्या मधल्या प्रकरणातच. ऑन्कोटाइप डीएक्स ही चाचणी गाठीतली २१ जनुकं तपासून शून्य ते शंभरमध्ये गुण देते. टेलरएक्स या मोठ्या अभ्यासात दहा हजारांहून जास्त बायका होत्या. २०१८ मध्ये त्याचा निकाल आला: नोड स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर २५ पर्यंत गुण असलेल्या बायकांना केमो जोडून काही फायदा झाला नाही. आईंचं वय ५८, म्हणजे हा निकाल त्यांना सरळ लागू होतो. गुण २६ किंवा वर आले तर केमो घ्यावी. अडचण पैशाची. नमुना अमेरिकेला जातो, खर्च लाखांत आहे, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. बंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी बरीच स्वस्त आहे. ती पाच प्रथिनं तपासते आणि त्याला आकार, ग्रेड आणि नोड यांची जोड देते. तिच्यामागे टेलरएक्सएवढा मोठा अभ्यास नाही, जुन्या नमुन्यांवरचे अभ्यास आहेत. तरी अंदाजाने ठरवण्यापेक्षा तो आधार बरा.

आमचं मत विचाराल तर: ऐपत असेल तर चाचणी करा आणि तिचं ऐका. ऐपत नसेल, तर चाचणीसाठी कर्ज काढू नका. प्रेडिक्टचा आकडा बघा. केमोचा फायदा शंभरात दोनहून कमी दिसत असेल आणि आईंची इच्छा नसेल, तर नुसत्या लेट्रोझोलवर राहणं हा पूर्ण उपचारच आहे. मात्र स्तन राखला आहे, म्हणून रेडिएशन टाळता येणार नाही. हल्ली ते बहुधा १५ बैठकांत, तीन आठवड्यांत होतं. केमो नको म्हणताना रेडिएशनही सोडून देणारी घरं असतात. तसं होऊ देऊ नका.

एक गोष्ट आणखी. या सगळ्या निर्णयाचा पाया ईआर आणि हर-टू यांच्या रंगचाचणीवर आहे, आणि ती चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटर आणि लॅब यांच्या मधल्या वाटेवर. काढलेला भाग तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. फॉर्मॅलिन दहा टक्क्यांचं बफर्ड हवं, भागाच्या दहापट तरी हवं, आणि त्यात तो ६ ते ७२ तास राहायला हवा. अख्खा स्तन न कापता बरणीत कोंबला तर औषध आतपर्यंत पोचत नाही, गाठ मधून कुजते आणि ईआर खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून ग्रेड १ च्या गाठीचा ईआर शून्य आला, तर तो तसाच स्वीकारू नका. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मागून घेऊन दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासा. ब्लॉक तुमचा आहे आणि सही करून मिळतो. प्रवासात तो उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. मेण आहे, वितळतं.

प्रश्न : माझं वय ४१. डावा स्तन काढला. गाठ १.६ सेंमी, ग्रेड ३, नोड १२ पैकी शून्य, ईआर-पीआर-हर-टू तिन्ही निगेटिव्ह. जखम भरली, तब्येत ठणठणीत. मुलीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय. लग्न उरकून केमो घेतली तर चालेल का? तोवर गुळवेलीचा काढा सुरू आहे. (मंगळवेढा)

ताई, नाही. एवढं स्पष्ट उत्तर आम्ही क्वचित देतो.

तिन्ही निगेटिव्ह म्हणजे तुमच्या गाठीला हार्मोनची गोळीही लागू पडत नाही आणि हर-टूचं इंजेक्शनही. राहिलेल्या पेशींवर चालणारं औषध एकच, केमो. नोड स्वच्छ आहेत ही खरंच चांगली गोष्ट आहे, पण या प्रकारात गाठ एक सेंटिमीटरच्या वर गेली की नोड स्वच्छ असूनही केमो सांगतात. हा आजार परत यायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांतच येतो. उशिराची किंमतही याच प्रकारात सगळ्यात जास्त मोजावी लागते: ऑपरेशनपासून केमोपर्यंत ९० दिवसांच्या वर गेलेल्या बायकांचे निकाल वाईट दिसले आहेत. जखम भरली, नळी निघाली, काखेत पाणी साचत नाही, असं झालं की चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पहिला डोस पडायला हवा. तुम्ही ठणठणीत आहात, म्हणूनच हीच वेळ आहे.

लग्नाचं असं करा. तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. नेहमीचा क्रम असा: एसी नावाचं मिश्रण, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड, दर २१ दिवसांनी चार वेळा, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला, बारा आठवडे. एकूण साडेपाच महिने. २१ दिवसांच्या फेरीत पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि थकव्याचे, सातवा ते चौदावा दिवस पांढऱ्या पेशी कमी असण्याचे, आणि पंधरावा ते एकविसावा दिवस माणूस बऱ्यापैकी नेहमीसारखा असतो. हळद आणि लग्न त्या तिसऱ्या आठवड्यात येईल असा डोस बसवता येतो, एखादा डोस दोन-तीन दिवस पुढेमागे करून. केस मात्र पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जातील. टोप आधीच, केस असताना, रंग जुळवून घ्या.

डोस कसा ठरतो तेही माहीत असू द्या, कारण चूक इथेही होते. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. उंची १५५ आणि वजन ६२ असेल तर शरीराचं क्षेत्रफळ १.६३ चौरस मीटर येतं. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ९८. सायक्लोफॉस्फामाइड ६००, म्हणजे सुमारे ९८०. दर खेपेला वजन करायला लावा. फाइलवरचं दोन महिन्यांपूर्वीचं वजन उतरवून घेतलं जातं आणि दरम्यान बाई सहा-सात किलोंनी उतरलेली असते. सुरू करण्याआधी टूडी इको हवाच, कारण डॉक्सोरुबिसिन हृदयावर ताण देतं. चार डोसांचे मिळून चौरस मीटरला २४० मिलिग्रॅम होतात, धोक्याच्या मर्यादेच्या बरेच खाली. पण हृदय मुळात चांगलं आहे हे आधी बघायला हवं. त्याबरोबर यकृत, मूत्रपिंड, साखर, कावीळ ब आणि क, एचआयव्ही. कावीळ ब चा विषाणू अंगात सुप्त असेल तर केमोत तो उसळतो. आधी कळलं तर गोळीने रोखता येतो.

काढा आजच थांबवा. गुळवेलीने यकृताला सूज आल्याची प्रकरणं आपल्याच देशात नोंदली गेली आहेत. यकृताचा रिपोर्ट बिघडला की केमो पुढे जाते, आणि तुमच्याकडे तेवढाच वेळ नाही.

तिन्ही निगेटिव्ह आणि वय ४१, म्हणून बीआरसीए या जनुकांची रक्तचाचणी करायला हवी. ती पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या स्तनाचा आणि बीजांडांचा विचार करावा लागतो, आणि तुमच्या मुलीलाही तपासणी सुचवतात. ही चाचणी केमो सुरू असतानाही करता येते. तिच्यासाठी थांबू नका.

प्रश्न : आई ४९ वर्षांची, विड्या वळते. पाळी अजून चालू आहे. गाठ ३ सेंमी, नोड १४ पैकी २, ईआर ४० टक्के, हर-टू २+. डॉक्टर केमो आणि वर्षभराचं महाग इंजेक्शन म्हणतात. वजन ५५ किलो. पैसे कुठून आणायचे? आणि आईच्या बोटांना मुंग्या येतील असं कुणीतरी सांगितलं, मग तिचं काम? (विडी घरकुल, कुंभारी)

हर-टू २+ हे उत्तर नव्हे, तो अडकलेला प्रश्न आहे. त्याच ब्लॉकवर 'फिश' चाचणी केली की हो किंवा नाही कळतं. ती झाल्याशिवाय ट्रास्टुझुमॅब, म्हणजे ते वर्षभराचं महाग इंजेक्शन, सुरूही करू नये आणि नाकारूही नये. केमो मात्र कोणत्याही निकालात लागेलच. दोन नोडमध्ये आजार आहे आणि पाळी चालू आहे, आणि अशा बायकांना केमोचा फायदा होतो हे दिसलेलं आहे. म्हणून फिशची वाट बघत केमो अडवून ठेवू नका. पहिले एसीचे चार डोस सुरू होऊ द्या, कारण ट्रास्टुझुमॅब त्यांच्याबरोबर देतच नाहीत, दोन्ही हृदयावर येतात. ते पॅक्लिटॅक्सेलबरोबर सुरू होतं. तोवर फिश येतं.

फिश पॉझिटिव्ह आलं तर इंजेक्शन दर २१ दिवसांनी, वर्षभर, साधारण १८ वेळा. दर तीन महिन्यांनी इको. त्याने केस जात नाहीत, उलट्याही फारशा नाहीत. पहिला डोस किलोला ८ मिलिग्रॅम, म्हणजे ५५ किलोला बरोबर ४४० ची एक कुपी. पुढचे ६ च्या हिशेबाने ३३०. कुपीत ११० उरतात. कुपीबरोबर आलेल्या जंतुरोधक पाण्यात औषध विरघळवून २ ते ८ अंशांत ठेवलं तर ते २८ दिवस टिकतं, आणि पुढचा डोस २१ दिवसांनीच असतो. नीट ठेवलं तर चार डोसांना तीनच कुप्या लागतात. पण साध्या पाण्यात विरघळवलं तर उरलेलं फेकावं लागतं. म्हणून केमो वॉर्डातल्या सिस्टरना आधीच विचारून ठेवा. कुपी बाहेरून आणायची असेल तर बर्फाच्या पाऊचसह, थर्मासच्या डब्यात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात पिशवीत घालून स्टँडपासून चालत आणली तर औषध वाया जाईल. देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या धर्तीवर बनवलेली औषधं, मूळ ब्रँडपेक्षा खूप स्वस्त आहेत आणि ते घ्यायला आमची काही हरकत नाही. पैशांअभावी वर्ष पूर्ण होणारच नसेल, तर सहा महिन्यांचा कोर्स आधीपासून ठरवून घ्या. तोही अभ्यासलेला आहे. दोन डोस घेऊन सोडणं, मग चार महिन्यांनी पुन्हा एक, याला अर्थ नाही.

पैशांसाठी पहिली पायरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, किंवा १५५३८८ वर फोन करा. मंजुरी डोसच्या आधी लागते. आधी पैसे भरून मग परत मागू, असं होत नाही. बायॉप्सी आणि ऑपरेशनचे मूळ रिपोर्ट लागतात, झेरॉक्सवर अडतं. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर केंद्राच्या कामगार कल्याण दवाखान्यात कॅन्सर उपचारांच्या भरपाईचीही चौकशी करा. उपचारांसाठी मुंबईला जाऊन राहायलाच हवं असं नाही. एसी आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधं आणि त्यांच्या मात्रा परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये वेगळ्या नसतात. दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलची 'नव्या' ही ऑनलाइन सेवा रिपोर्ट पाहून लेखी सल्ला देते. गेलातच तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. तिचा फॉर्म उपचार करणाऱ्या रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो, तो घेऊनच तिकीट काढा.

आता बोटं. पॅक्लिटॅक्सेलने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. पानाची कड दुमडून दोऱ्याने गाठ मारणाऱ्या बाईला हा त्रास इतरांपेक्षा जास्त नडणार, हे तुम्ही डॉक्टरांना सांगायलाच हवं. आपणहून ते विचारतीलच असं नाही. दर आठवड्याला आईला ब्लाउजचं बटण न बघता लावायला सांगा आणि तेंदूपानाच्या शिरा बोटाला कळतात का विचारा. बटण चुकायला लागलं की डोस कमी करायची वेळ झाली. बधिरपणा पूर्ण बसेपर्यंत थांबलात तर तो महिनोन् महिने राहतो, कधी कायमचाही. औषध चालू असताना, आधी आणि नंतर पंधरा मिनिटं धरून, बर्फाचे हातमोजे घातले तर काही जणींना उपयोग होतो. साखर असेल तर त्रास लवकर सुरू होतो, ती आधी आटोक्यात आणा. आणि या सहा महिन्यांत तंबाखूचं सूप तिच्या पुढ्यात नको. निकोटीन कातडीतूनही शोषलं जातं, मळमळीत भर पडते.

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या. साखर, बीपी, इकोमध्ये हृदयाचा पंप ४५ टक्के. गाठ १.५ सेंमी, एक नोड पॉझिटिव्ह, ईआर ९५ टक्के, हर-टू निगेटिव्ह. केमो झेपेल का? (बार्शी)

या रिपोर्टला लेट्रोझोल पुरेसं ठरण्याची शक्यता खूप मोठी आहे, आणि ४५ टक्के पंपावर डॉक्सोरुबिसिन देऊ नये. पाळी गेलेल्या, एक ते तीन नोड असलेल्या बायकांनाही ऑन्कोटाइपचा गुण २५ पर्यंत असेल तर केमोने फायदा होत नाही, हे २०२१ मध्ये कळलं आहे. त्यांच्यासाठी आम्ही केमोचा आग्रह धरणार नाही. त्याऐवजी डेक्सा स्कॅन करून हाडांची घनता बघा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू करा. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, सकाळी सांधे आखडतात. आणि सांधे दुखतात म्हणून गोळी परस्पर बंद करण्याची चूक सगळ्यात जास्त घडते. बदलून दुसरी गोळी मिळते.

प्रश्न : पत्नीला कॅन्सर म्हणून सांगितलेलं नाही, 'गाठ होती, काढली' एवढंच माहीत आहे. केमोला 'ताकदीचं सलाईन' म्हणून नेलं तर? (पंढरपूर)

नेऊ नका. संमतीपत्रावर सही त्यांची लागते, आणि अठराव्या दिवशी केस उशीवर पडल्यावर त्यांना एकटीला कळेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, केमोत ताप आला, शिरेत आग झाली, तर ती लगेच सांगणं त्यांच्या जिवाशी निगडित आहे. ताकदीचं सलाईन समजणारी बाई आग सहन करते. डॉक्टरांच्या खोलीत, तुम्ही शेजारी बसून, एकाच भेटीत सांगून टाका. रिपोर्ट बघता त्यातली चांगली बातमीही त्याच भेटीत सांगता येईल.

प्रश्न : वहिनीची केमो ठरली आहे, पहिला डोस पुढच्या आठवड्यात. घरी काय तयारी करायची, काय खायला द्यायचं? (अक्कलकोट)

पहिली खरेदी थर्मामीटर. डोसनंतर केव्हाही, विशेषतः सातव्या ते चौदाव्या दिवसात, ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की ती तातडीची वेळ आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीने पारा उतरतो, जंतू मात्र वाढत राहतात. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर काही तासांत रक्तदाब पडू शकतो. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. रात्री कुठे जायचं, गाडी कुणाची, फोन कुणाला, हे आजच कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. गावातल्या डॉक्टरांनाही आधी भेटून ठेवा, म्हणजे ते नेहमीचं तापाचं इंजेक्शन देऊन घरी पाठवणार नाहीत. पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिम ६ मिलिग्रॅम लिहून दिलं असेल तर ते केमो संपल्यापासून २४ तासांनंतरच, आधी नाही. त्याने कंबर आणि मांड्या ठणकतात. त्यासाठी गोळी द्यायची तर आधी ताप मोजून.

उलटीच्या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात. पहिले तीन दिवस घड्याळ लावून द्या. रात्रीची ओलान्झापिन पाहून मेडिकलवाला म्हणेल, ही मानसिक आजाराची गोळी आहे. आहेच, पण केमोच्या मळमळीवर तिच्याइतकं चांगलं काम थोड्याच गोळ्या करतात. झोप फार येत असेल तर मात्रा कमी करायला सांगा. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमही १० इतकीच उपयोगी ठरली आहे. ऑनडॅन्सेट्रॉनने पोट गच्च होतं. पहिल्या रात्रीपासूनच सौम्य रेचक द्या, एनिमा कधीच नको.

पाणी हा आपल्याकडचा खास प्रश्न. नळाला रोज पाणी येतंच असं नाही, ते पिंपात साठतं. वहिनींचं पाणी वेगळं, खळखळ उकळून, झाकणाच्या भांड्यात, रोजचं रोज. उन्हाळ्यात दिवसाला अडीच-तीन लिटर पोटात गेलं पाहिजे, लघवी पिवळी धमक दिसता कामा नये. एसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती लालसर होईल, ते औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. रसवंतीचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेलं कलिंगड, कच्ची मोड आलेली मटकी बंद. शिजवलेली उसळ उत्तम.

पाचव्या दिवसापासून तोंड सोलवटतं. तेव्हा कडक भाकरी तशीच देऊ नका, हिरड्या फाटतात. आमटीत किंवा दुधात भिजवून, कुस्करून द्या. शेंगाचटणी तिखट लागली तर तिखट-लसूण न घालता भाजलेल्या शेंगांचा कूट दह्यात कालवून द्या. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. एका अंड्यातून सहा, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात, पेलाभर दुधातून सहा. वजनाच्या प्रत्येक किलोला एक ग्रॅमहून थोडं जास्त, हा दिवसाचा हिशेब. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. बाजारातला झोंबणारा माऊथवॉश नको. दात किडलेले असतील तर ते पहिल्या डोसच्या आधी दाखवा.

आणि डोसच्या दिवशी एक गोष्ट वहिनींना दोनदा सांगून ठेवा. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, चालू असताना सुईपाशी आग, टोचणी किंवा सूज जाणवली, तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारायची, बाटली संपत आली असली तरी. ते औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं. सुई ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला नको. दुसऱ्या हाताच्या शिरा बारीक असतील, दोन-तीन टोच्यांत मिळत नसतील, तर छातीत बसवायच्या केमो पोर्टबद्दल पहिल्या डोसच्या आधीच बोला. तिसऱ्या डोसपर्यंत शिरा कडक दोरीसारख्या होतात, मग घाई होते.